डोक्याकडची जागा

मी माणसांना उलटं ओळखते.
हनुवटी वर, कपाळ माझ्या पोटाशी,
मध्ये दोन डोळे, दिव्याकडे लागलेले,
आणि दिव्याआड मी दिसले की दचकणारे.
सर्जन पोटाशी, इन्स्ट्रुमेंटवाली ट्रॉलीशी,
डोक्याकडची जागा माझी.
बारा वर्षं.

आता त्याच जागेवर प्रबंध लिहितेय.
विषयाचं नाव टाइप केलं की अडीच ओळी होतात,
म्हणून दिवाडीच्या फेरीबोटीत नवरा लोकांना सांगतो,
"ही झोपेवर पीएच.डी. करते."
झोप नव्हे, मी म्हणते.
झोपेत माणूस कूस बदलतो.

शिकताना बांबोळीला एक रबरी पुतळा होता,
वरचे दोन दात आमच्या आधीच्या बॅचने पाडलेले.
त्याला आम्ही बोस्त्यांव म्हणायचो.
जीभ डावीकडे सार. उचल. मनगट वाकवू नकोस.
आझावेदो मॅडम पाठीमागे उभ्या, हातात थंड झालेला चहा.
अठरा वेळा मी बोस्त्यांवच्या पोटात हवा भरली,
अठरा वेळा त्या म्हणाल्या, "मेला. परत."
एकोणिसाव्यांदा दिसलं ते:
दोन पांढऱ्या कडा, मध्ये अरुंद काळोख,
कुणी दार किलकिलं ठेवून आत गेल्यासारखा.
मॅडमनी चहा संपवला. शाबासकी नाही.
"खरा माणूस थुंकी गिळतो," म्हणाल्या, "उद्या बघ."

दोनशे चौदा माणसांना मी सांगितलं, दहापासून उलटे आकडे म्हणा.
कुठल्या आकड्याला आवाज विरला, ते लिहायचं,
वय, वजन, औषधाची मात्रा, सेकंद.
कुठल्या भाषेत विरला, त्याला फॉर्मात रकाना नाही.
म्हणून समासात पेन्सिलीने लिहीत गेले.
एस्पेरांसा, वय एक्याऐंशी: देश, नोव्ह, ऑयतु,
आणि मग जणू कुणी वर्गात हाक मारावी तसं, "प्रेझेंत!"
सावईवेऱ्याचे निवृत्त मास्तर: दहा म्हणून थांबले,
"उलटे पाढे आम्ही कधी शिकवलेच नाहीत हो,"
आणि दहावरून सरळ अकरा, बारा करीत गेले.
एका मुलीने आकडेच घेतले नाहीत,
माझ्या टोपीवरची फुलं मोजली.

गाईड म्हणतात, समास काढून टाका.
समासातून निष्कर्ष निघत नाही.
पहाटे पोदेराचा भोंपू वाजतो तेव्हा मी पुन्हा तिथेच,
खोडरबर हातात,
खोडत नाही.

पापण्यांवर चिकटपट्टी मी लावते.
ती लावल्यावर चेहऱ्यावरचं सगळं माझ्यावर येतं:
कोरडी जीभ, ढिला जबडा, एक सोन्याचा दात,
पडद्यावर श्वासाच्या एकसारख्या टेकड्या,
आणि नाडीचा टिकटिक सूर, जो जरासा उतरला
की कुणाच्या आधी माझी मान वळते.
हे पुस्तकात आहे. मान वळते ते नाही.

परवा म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी
बांगड्यांच्या टोपलीमागे एक माणूस.
ओळखीचा, पण कुठला?
मान तिरकी केली. आणखी तिरकी केली.
बाजूच्या बाईला वाटलं, मला घेरी आली.
मग कळलं: कायतान. शापोऱ्याचा. ट्रॉलरच्या दोरात सापडलेला पाय.
धा, णव, आठ,
आणि तिथे माझ्या हातात ढिला झालेला जबडा.
चार तास वीस मिनिटं मी त्याचा श्वास घेतला.
त्याने मला पाहिलं ते फक्त गिऱ्हाईक म्हणून.

"धा दी," मी म्हटलं.
तो मोजायला लागला, एकेक बांगडा शेपटीला धरून.
एक, दोन, तीन, चार, पांच, स.
मी पिशवी उघडून उभी, श्वास धरून.
सात, तो म्हणाला. तेव्हा राहिलेला.
कुठेच न अडखळता.
आठ, णव, धा, आणि वर एक फुकट.

बांगडे जरा नरम होते.
घासाघीस न करता घेतले.